मैदानाचे ऋण
(हीरकमहोत्सवी वर्षातील क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात झालेल्या भाषणाचा पाठ)



हीरकमहोत्सवाच्या वर्षात प्रत्येक शाळा आपल्या इतिहासाची उजळणी करते. पहिली इमारत, पहिले मुख्याध्यापक, पहिली शालान्त तुकडी यांची नावे आदराने घेतली जातात. गुणवत्ता यादीत झळकलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांचा फलक पुन्हा रंगवला जातो. या उजळणीत एका जागेचे नाव मात्र बहुधा राहून जाते. ती जागा म्हणजे मैदान. आणि मैदानाबरोबरच एक माणूसही विस्मरणात जातो. सकाळी सर्वांच्या आधी येऊन फक्कीने रेषा आखणारा, शिट्टी गळ्यात अडकवून उन्हात उभा राहणारा आणि बक्षीस समारंभाच्या दिवशी खुर्च्या मांडताना दिसणारा तो क्रीडाशिक्षक होय.

खेळाडूंचा आणि त्यांच्या मार्गदर्शकांचा सन्मान एखाद्या शिक्षणसंस्थेने कसा करावा, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आजचा दिवस योग्य आहे. त्यासाठी एका दूरच्या नगरीतील महाविद्यालयाचे उदाहरण घ्यावेसे वाटते. ती नगरी म्हणजे काशी, आजची वाराणसी.

काशी हे नाव मराठी घरांना परके नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला १६७४ मध्ये आलेले गागाभट्ट काशीचे. विश्वनाथाच्या मंदिराची पुन्हा उभारणी केली ती पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म काशीचा. हुतात्मा राजगुरू संस्कृत शिकण्यासाठी गेले तेही काशीला. तेथे ग्रंथांबरोबर त्यांनी व्यायामाचीही कास धरली. विद्या आणि बलोपासना एकत्र नांदावी ही त्या नगरीची जुनी रीत आहे. घाटावर एकीकडे वेदपठण चाले आणि शेजारच्या आखाड्यात जोर-बैठकांचा घुमारा उठे. नागपंचमीला आखाड्यांत कुस्त्या रंगत. आधुनिक काळात या रीतीला शाळा-महाविद्यालयांच्या मैदानाचे रूप लाभले, आणि त्यात एका संस्थेचा वाटा मोलाचा आहे.

ती संस्था म्हणजे उदयप्रताप महाविद्यालय. वाराणसीचे लोक त्याला ‘यूपी कॉलेज’ म्हणतात. भिनगा संस्थानचे राजर्षी उदयप्रताप सिंह यांनी १९०९ मध्ये एक विद्यालय स्थापन केले. तेव्हाच्या संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या नावावरून त्याला ‘हिवेट क्षत्रिय हायस्कूल’ असे नाव देण्यात आले. पुढे त्याचाच विस्तार होऊन इंटर कॉलेज आणि पदवी महाविद्यालय उभे राहिले. त्याच शहरात १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून काशी हिंदू विश्वविद्यालय स्थापन झाले. त्या विशाल विद्यापीठापुढे यूपी कॉलेज लहानच. तरीही हिंदीतील थोर समीक्षक नामवर सिंह आणि श्रेष्ठ कवी केदारनाथ सिंह या संस्थेत शिकले. साहित्यात हे यश लाभत असतानाच तिच्या मैदानावर वेगळी शेती पिकत होती. शहराच्या त्या बाजूची, शिवपूर-भोजूबीर परिसरातली मुलेमुली तेथे येत. कोणी काठी घेऊन येई, कोणी चेंडू घेऊन. पुढे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षकही तेथे मुलांना तयार करू लागले.

या परिसरातल्या हॉकीची गोष्ट महंमद शाहिद यांच्यापासून सुरू करावी लागते. शाहिद यांचे नाव एखाद्या संस्थेच्या पटावर शोधण्याचे कारण नाही, कारण ते साऱ्या बनारसचे होते. १४ एप्रिल १९६० रोजी जन्मलेला हा मुलगा विसाव्या वर्षी मॉस्को ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात खेळला. भारताने स्पेनवर ४–३ असा विजय मिळवला आणि त्यातला चौथा गोल शाहिद यांचा होता. चेंडू काठीला जणू चिकटलेला ठेवून ते बचावपटूंच्या मधून वाट काढीत, आणि पाहणाऱ्याला समजेपर्यंत गोलाच्या तोंडाशी पोचलेले असत. अर्जुन पुरस्कार आला, पद्मश्री आली, भारताचे कर्णधारपदही आले. पण बनारस सोडून ते कोठे रमले नाहीत. तेथल्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यात त्यांनी नोकरी केली. २० जुलै २०१६ रोजी ते गेले, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखे ते शहर हळहळले.

शाहिद यांना पाहून खेळणाऱ्या मुलांमध्ये विवेक सिंह होते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये शाहिद आणि विवेक हे दोघेही भारताच्या एकाच संघात होते. बनारसच्या पोरांना केवढे अप्रूप वाटले असेल त्याचे! पाठोपाठ १९९६ मध्ये विवेक यांचे धाकटे भाऊ राहुल सिंह अटलांटा ऑलिंपिकला गेले. एका घरातून दोन ऑलिंपिकपटू निघावेत हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. पण दैवाने त्या घराची कठोर परीक्षा पाहिली. २००५ मध्ये ऐन उमेदीत विवेक यांचे निधन झाले. त्या घराने दुःखाला वाट कशी दिली हे पाहण्यासारखे आहे. विवेक यांच्या नावाने शिवपूरला मुलांना हॉकी शिकवण्याचे काम उभे राहिले. भिंतीवरच्या तसबिरीला हार घालून थांबण्यापेक्षा दुसऱ्याच्या मुलाच्या हाती काठी देणे हे अधिक अवघड स्मारक आहे, आणि अधिक टिकणारेही.

आता मुलींकडे वळू या. बनारसच्या एका मध्यमवर्गीय घरातल्या बहिणी यूपी कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मैदानावर येऊ लागल्या, तेव्हा त्या भागात मुलींनी अर्ध्या विजारीत खेळणे ही सहज स्वीकारली जाणारी गोष्ट नव्हती. प्रियंका, दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा अशा या पाच बहिणी. थोरली प्रियंका बास्केटबॉलची प्रशिक्षक झाली. दिव्या भारताची कर्णधार झाली आणि २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तिने देशाचे नेतृत्व केले. प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा याही भारताकडून खेळल्या. प्रशांतीला २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. क्रीडाजगत त्यांना ‘सिंग सिस्टर्स’ म्हणून ओळखते.

या बहिणींना घडवणाऱ्यांत प्रशिक्षक अमरजीत सिंग यांचे नाव घेतले जाते. प्रशिक्षकाचे काम दुरून सोपे दिसते. पण मुलींच्या प्रशिक्षकाला चेंडू कसा टाकावा हे शिकवण्याआधी आईवडिलांचा विश्वास मिळवावा लागतो. मुलगी मैदानावर सुरक्षित आहे, तिचा अभ्यास बुडणार नाही, परगावच्या सामन्याला ती नीट जाईल आणि नीट परत येईल, याचा शब्द द्यावा लागतो आणि तो वर्षानुवर्षे पाळावा लागतो. एका बहिणीच्या वेळी पाळलेला शब्द दुसरीच्या वेळी उपयोगी पडतो. एकाच घरातून इतक्या खेळाडू निघाल्या यामागे रक्तातला गुण असेलही, पण त्या विश्वासाचा हात निश्चित आहे. पालकहो, आपल्या मुलीला मैदानावर पाठवताना जो धीर आपल्याला लागतो, तोच धीर दुसऱ्या टोकाला क्रीडाशिक्षकालाही लागत असतो.

ललित उपाध्याय यांची गोष्ट मात्र सर्वांनी, विशेषतः शिक्षकांनी आणि पालकांनी, मनात जपून ठेवावी अशी आहे.

ललित यांचा जन्म १ डिसेंबर १९९३ चा. वडिलांचा कपड्यांचा लहानसा व्यवसाय, घरची स्थिती बेताची. यूपी कॉलेजच्या मैदानावर प्रशिक्षक परमानंद मिश्रा यांनी त्यांच्या हाती हॉकी दिली आणि त्यांना घडवले. मुलगा गुणी निघाला. पण २००८ साल उजाडले. भारतीय हॉकीसाठी ते वर्षच काळे होते. १९२८ पासून प्रथमच भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरला नव्हता. अशा वेळी एका वृत्तवाहिनीने छुपा कॅमेरा लावून एक प्रकरण उघडकीस आणले. राष्ट्रीय संघात एका खेळाडूची निवड व्हावी म्हणून बनावट दलालाने संघटनेच्या बड्या पदाधिकाऱ्याला पैसे देऊ केले, आणि ते घेतले गेल्याचे देशाने पाहिले. त्या बनावासाठी वाहिनीने ज्या खेळाडूचे नाव वापरले तो होता ललित. त्याला या साऱ्याची गंधवार्ताही नव्हती. संघटना निलंबित झाली, पदाधिकारी गेले, देशभर चर्चा झाली. पण कोवळ्या वयातल्या एका निर्दोष मुलाच्या नावाला डाग लागला, त्याचे काय?

तेव्हा त्या मुलाने काठी खाली ठेवली असती तर कोणी नवल केले नसते. तसे झाले नाही, कारण त्याच्या मागे माणसे उभी राहिली. घरचे होते, मैदानावरचे गुरू होते. आणि या कठीण काळात त्याच्या पाठीवर हात ठेवणारा एक हात महाराष्ट्रातला होता. पुण्याजवळच्या खडकीत वाढलेले, चार ऑलिंपिक खेळलेले धनराज पिल्ले यांनी त्याच्यातला गुण ओळखला. त्यांच्या आधाराने एअर इंडियाच्या संघाचे दार त्याला उघडले. तेथून तो पुन्हा उभा राहिला. २०१४ मध्ये हेगच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताने जर्मनीचा ५–४ असा पराभव करून कांस्यपदक मिळवले, त्या संघात ललित उपाध्याय होते. २०२३ मध्ये हांगझोऊला एशियाडचे सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसला स्पेनवर २–१ असा विजय आणि पुन्हा ऑलिंपिकचे कांस्य. मध्यंतरी अर्जुन पुरस्कारही लाभला. २०२५ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्ती घेतली.

एक हिशेब येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. मॉस्कोच्या सुवर्णपदकानंतर भारतीय हॉकीला ऑलिंपिकचे पदक मिळण्यास ४१ वर्षे लागली. १९८० च्या संघात बनारसचा एक खेळाडू होता आणि २०२१ च्या संघातही बनारसचा एक खेळाडू होता. मधली ४१ वर्षे मोठी कठीण होती. १९७६ पासून ऑलिंपिकचे हॉकी कृत्रिम मैदानावर खेळले जाऊ लागले. तो खर्च लहान गावांच्या आणि लहान संस्थांच्या आवाक्याबाहेरचा होता. गवतावर आणि मातीवर शिकलेली मुले वेगाच्या खेळात मागे पडू लागली. पदके नव्हती, प्रसिद्धी नव्हती, पैसा तर नव्हताच. त्या कोरड्या काळातही रोज संध्याकाळी कोणीतरी शिट्टी वाजवून मुलांना गोळा करीत राहिले, म्हणून टोकियोचा दिवस दिसला. विजयाच्या छायाचित्रात ती माणसे नसतात. खरा मान त्यांचा आहे.

देशात प्रशिक्षकांसाठी १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार दिला जातो. तो बहुधा शिखरावरच्या प्रशिक्षकांना मिळतो, आणि ते योग्यही आहे. पण मुलाला प्रथम ओळखणारा, त्याच्या फाटक्या बुटांकडे पाहून गुपचूप नवे बूट आणून देणारा, घरी जाऊन वडिलांची समजूत घालणारा जो शाळेतला पहिला गुरू, त्याच्यापर्यंत असा पुरस्कार क्वचितच पोचतो. त्याचा सन्मान करण्याची जबाबदारी शाळेचीच उरते.

या बाबतीत महाराष्ट्राने धडा घ्यावा असे उदाहरण घरातच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही जमेल तशी वर्गणी दिली. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले ते कुस्त्यांतून पैसे मिळवून प्राचार्यांचे घर सोडवण्यासाठी. गुरूने विश्वास टाकला आणि शिष्याने तो फेडला. मात्र शासनाला खाशाबांची आठवण फार उशिरा झाली. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० मध्ये. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्याचा क्रीडादिन म्हणून साजरा होतो. देशाने ४८ वर्षांनी जे दिले, ते एका प्राचार्यांनी खेळाडू घराबाहेर पडण्याआधीच दिले होते.

सन्मानाचे खरे स्वरूप येथे स्पष्ट होते. शाल, श्रीफळ आणि मानपत्र हा सन्मानाचा शेवटचा भाग आहे. पहिला भाग मैदान देण्याचा, वेळ देण्याचा, विश्वास टाकण्याचा. यश मिळाल्यावर हार घालायला सारा गाव येतो. यश मिळेल की नाही हे ठाऊक नसताना जो बरोबर चालतो, त्याने खेळाडूचा खरा मान राखलेला असतो. आणि ललित यांच्यावर आले तसे किटाळ एखाद्यावर आले, दुखापत झाली, निवड हुकली, तर त्या दिवशी दार उघडे ठेवणे हा सन्मानाचा सर्वांत अवघड भाग आहे.

हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक शाळेला तीन साध्या गोष्टी करता येतील. गुणवंतांच्या फलकाशेजारी खेळाडूंचा फलक लावावा आणि त्यावर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याला घडवणाऱ्या शिक्षकाचे नाव लिहावे. खेळाचा तास गणिताच्या किंवा इंग्रजीच्या जादा तासासाठी घेतला जाऊ नये, विशेषतः नववी-दहावीत, जेव्हा मुलांना मोकळ्या श्वासाची सर्वाधिक गरज असते. आणि मैदानाची जागा कितीही मोहाची वाटली, तरी तिच्यावर नवी इमारत उभी करू नये. इमारत मजल्यांनी वाढवता येते. मैदानावर मजले चढवता येत नाहीत.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपण शाळेला देणगी देता, संगणक देता, ग्रंथालयाला पुस्तके देता, त्याबद्दल शाळा ऋणी राहते. पण शनिवारी सकाळी दोन तास येऊन मुलांबरोबर खो-खो किंवा कबड्डी खेळणारा माजी विद्यार्थी जे देतो, त्याची पावती फाडता येत नाही. आपल्याला शिकवलेल्या वयोवृद्ध क्रीडाशिक्षकांच्या घरी एकदा जाऊन या. पायांना हात लावा आणि एखाद्या जुन्या सामन्याची आठवण काढा. त्यांना तो सामना गुणांसकट आठवत असतो.

पालकहो, सर्वच मुले ऑलिंपिकला जाणार नाहीत. यूपी कॉलेजच्या मैदानावर खेळलेल्या हजारो मुलांपैकी मोजक्यांचीच नावे आज घेता आली. उरलेली मुले कोठे आहेत? कोणी शिक्षक असेल, कोणी रेल्वेत, कोणी पोलिसात, कोणी दुकान चालवीत असेल. हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर यायचे, हे त्या सर्वांना ठाऊक आहे. परीक्षेतले एक अपयश आजच्या मुलांना मोडून टाकते, असे दुःख अनेक घरे अनुभवत आहेत. हरून उठायला शिकवणारा तास वेळापत्रकात एकच आहे. तो आपल्या मुलांकडून हिरावून घेऊ नका.

आज ज्या विद्यार्थ्यांना पारितोषिके मिळाली त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत, पण जे वर्षभर मैदानावर आले, त्यांचेही तितकेच अभिनंदन. आणि समारंभ संपल्यावर घरी जाण्यापूर्वी, विद्यार्थी मित्रांनो, एक काम करा. आपल्या क्रीडाशिक्षकांना शोधा आणि त्यांना नमस्कार करा. ते बहुधा खुर्च्या उचलत असतील. दोन खुर्च्या तुम्हीही उचला.